आधीचा मिस्तरी का सोडून गेला?

पत्रात नमस्कार घालायचा की नाही, इथूनच आमच्या भांडणाला सुरुवात व्हायची.

मी कागदावर इंग्रजीत ‘प्रिय महाशय’ एवढं लिहून टाक पुन्हा दौतीत बुडवेपर्यंत समोर जमिनीवर उकिडवा बसलेला लोटन मिस्तरी मान पुढे काढायचा.

“काय लिखं, मास्तर?”

मी सांगायचो.

“हाई कशाले? तो मन्हा काय लागस?”

“अशी रीत असते, मिस्तरी.”

“रीत ऱ्हाऊ द्या. पहिले इंजिननं पुसा.”

साडेतीन वर्षं मी या माणसाची पत्रं लिहिली. सगळी आफ्रिकेला, सगळी इंग्रजीत आणि सगळी नोकरीसाठी. नोकरी मागणाऱ्यानं थोडं वाकून लिहावं ही साधी गोष्ट मी त्याला साडेतीन वर्षांत पटवू शकलो नाही. त्याची पत्रं वाचून कुणालाही वाटलं असतं की नंदुरबारच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनातला हा फिटर तिकडच्या कारखानदाराची उलटतपासणी घ्यायला बसला आहे.

मी नाशकाहून नंदुरबारच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो होतो. जर्मनची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. मिरचीच्या वखारीला लागून मला एक खोली मिळाली होती, आणि हंगामात तिथं राहणं म्हणजे दिवसभर शिंकणं. अशाच एका रविवारी मी शिंकत बसलो असताना मिस्तरी पहिल्यांदा आला. आला, दारात उभा राहिला आणि बोलेचना. बुटका माणूस, पण मनगटं अशी की दुसऱ्या कुणाची तरी आणून बसवलीत असं वाटावं. अंगाला तेलाचा न् रॉकेलचा वास. डाव्या भुवईच्या जागी गुळगुळीत चट्टा, कधीतरी वाफ लागलेली. काय पाहिजे, असं मी दोनदा विचारलं. त्यानं हात वर करून मला गप्प केलं आणि मग कोनाड्याकडे बोट दाखवलं.

“हाई घडी मांगे पडस.”

माझं घड्याळ अगदी बरोबर आहे, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

“तिन्ही चाल ऐका ना. लंगडी चाली ऱ्हायनी.”

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तर माझं घड्याळ अकरा मिनिटं मागे. त्या महिन्यात हेडमास्तरांनी मला उशिरा येण्यावरून तीनदा ऐकवलं होतं आणि मी तिन्ही वेळा घंटा बडवणाऱ्या शिपायाला दोष दिला होता. लोटन मिस्तरीचं हे असं होतं. त्याचं म्हणणं खरं निघायचं, आणि खरं निघालं म्हणून त्याचा जास्तच राग यायचा.

तो मूळचा धानोऱ्याचा. स्टेशनाकडच्या कापसाच्या जिनात इंजिन आणि बॉयलर त्याच्या ताब्यात होतं. इंजिन तपासायची त्याची रीत बघायला मी एकदा मुद्दाम गेलो होतो. हातभर लांबीचा एक बाभळीचा दांडा तो फिरत्या यंत्राला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. तेवढ्यात कुणी हाक मारली तर शिवी बसायची, मग हाक मारणारे शेठ का असेनात. शेठ बिचारे हसून सोडून देत, कारण भर हंगामात जिन बंद पडलं तर गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत जायची.

पण हंगाम पाच महिन्यांचा. उरलेले सात महिने मिस्तरी रिकामा. लोकांची कुलूपं, शिवणयंत्रं, विहिरीवरचे रहाट दुरुस्त करून तो दिवस काढी, आणि ते त्याच्या जिवावर येई.

“कुलूप काय यंत्र शे, मास्तर? त्याले चाल नही, आवाज नही. मरेल वस्तू.”

त्या पहिल्या रविवारी त्यानं खिशातून एक कपटा काढला. शेठकडे गुजराती वर्तमानपत्र यायचं, त्यातून फाडलेला. युगांडात मोठ्या सरोवराच्या काठी कापसाची जिनं निघाली होती. गुजरातेतलेच शेठ, बाराही महिने कामावर ठेवणार, इंजिनाचा जाणता माणूस पाहिजे. मला आनंद झाला. इतकं जुळून आलेलं काम कुणाला मिळतं? मी म्हणालो, “मिस्तरी, पत्र कशाला? शेठच्या ओळखीनं बोटीचं तिकीट काढा आणि जा. नंदुरबारहून गेलेत की काही लोक.”

त्यानं माझ्याकडे, मी काहीतरी अभद्र बोललो अशा नजरेनं पाहिलं.

“कागद येवाशिवाय मी पाय उचलनार नही.”

मग कागद गुजरातीत मागवा, जिनातला कारकून फुकट लिहून देईल, असं मी सुचवलं. तेही नको. गुजरातीत लिहिलेलं म्हणजे तोंडानं बोलल्यासारखं. इंग्रजी कागद कोर्टात चालतो, असं त्याचं मत होतं. नसती ब्याद माझ्या गळ्यात पडली ती अशी.

त्याचे प्रश्न ठरलेले असत. इंजिन वाफेचं की तेलाचं? कुणी बनवलेलं? किती वर्षांचं? हाताखाली माणसं किती, आणि डोक्यावर कोण? पाणी गोडं की खारं? हा पाण्याचा प्रश्न मी पहिल्या पत्रात मोठ्या सहानुभूतीनं लिहिला होता: अर्जदाराची प्रकृती नाजूक असून त्यास पचनास हलके पाणी लागते. काय लिहिलं ते मराठीतून सांगितल्यावर मिस्तरी ताडकन उठला.

“मी तठे पानी पेवाले जाई ऱ्हायनू का? खारं पानी बॉयलरमा गयं का नळ्या भरी जातस! खोडा ते.”

मी खोडलं. सगळं पत्र पुन्हा लिहिलं.

आणि शेवटचा प्रश्न. तो लिहायला मी साफ नकार दिला होता.

“लिखा. तुमना पहिला मिस्तरी काबर सोडी गया?”

“अहो, हे असं विचारतात का? त्यांना राग येईल. कोण उत्तर देईल याचं?”

“जो उत्तर देनार नही, त्याकडे मी जानार नही.”

मी टाक खाली ठेवला. तो हलला नाही. मी शिंकलो, पाणी प्यालो, खिडकीशी जाऊन आलो. तो तसाच उकिडवा. शेवटी लिहिलं.

तिकडून उत्तर यायला तीन-तीन महिने लागत. काही पत्रांना उत्तर आलंच नाही. काहींना आलं, ते असं: या, मग बघू. दोन ठिकाणांहून मात्र चांगली पत्रं आली. पगार, बोटीचं भाडं, राहायला खोली, सगळं होतं. फक्त त्या शेवटच्या प्रश्नाला बगल दिलेली. मी हर्षानं वाचून दाखवलं. मिस्तरीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “त्यानं नही सांगं.” दोन्ही पत्रं त्यानं घडी घालून परत दिली. परत, मला! जसं काही मलाच तिथं जायचं होतं.

मधे एकदा सुरतेला एका दलालाचं नाव कळलं. आफ्रिकेला माणसं पाठवायचा त्याचा धंदा होता. जिनातले दोघं त्याच्यामार्फत गेलेही होते. मी शाळेतून रजा काढली आणि मिस्तरीला घेऊन सकाळच्या गाडीनं सुरत गाठलं. एका माडीवर दलाल पान लावत बसला होता.

“भाई, तुम जाओ तो सही,” तो म्हणाला. “उतरतेही काम मिलेगा.”

“कोन्ता इंजिनवर?” मिस्तरीनं विचारलं. मी हिंदीतून सांगितलं.

“बड़ा इंजिन है.”

“कितला बडा?”

दलालानं पानाचा विडा गालात सरकवला आणि दोन्ही हात पसरून दाखवले. मिस्तरी त्या पसरलेल्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि जिना उतरून चालू लागला. मी दलालाची माफी मागत मागे धावलो. परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यानं फडकं सोडून भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्ला, पण रागातच.

“हातवर इंजिन दखाडस,” तो एकदाच पुटपुटला.

त्या दलालामार्फत गेलेल्या दोघांपैकी एकजण आठ महिन्यांनी पिवळा होऊन परत आला, हे खरं. पण दुसऱ्याचं बरं चाललं होतं, तिकडे तो फिटर म्हणूनच लागला होता. ते कळलं तेव्हा मी मिस्तरीला रस्त्यात गाठून सुनावलं. “तो विचारत बसला नाही. गेला, पोचला, लागला! तुम्ही बसा सवाल करत.”

“त्याकडे नशीब शे,” मिस्तरी म्हणाला. “मन्हाकडे नुसता हुन्नर शे.”



त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकदा त्यानं माझ्याकडून पाटीवर ‘फिटर’ हा शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. आठवड्याभरानं पाहतो तो त्याच्या हत्यारांच्या पेटीवर ती सहा अक्षरं छिन्नीनं कोरलेली. एकही अक्षर वाकडं नाही. त्याला मुळाक्षरं येत नव्हती. पाना जसा ओळखू यावा तसा त्याला तो एक शब्द ओळखू यायचा. हे मला ठाऊक होतं. तरी पुढे जे केलं ते मी केलंच.

तिसऱ्या वर्षी एक पत्र आलं. इंजिन वाफेचं, पाणी गोडं, खोली, भाडं, सगळं ठीक. आधीच्या मिस्तरीबद्दलही लिहिलं होतं, की तो म्हातारा होऊन देशी परत गेला. एकच खोट होती. कामाच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘असिस्टंट फिटर’. म्हणजे फिटरच्या हाताखालचा माणूस.

मी कंटाळलो होतो. खरं सांगायचं तर त्या माणसाचा मला वीट आला होता. रविवार-रविवार त्याच्या पत्रांत जात होते, माझ्या स्वतःच्या आईला पत्र लिहायचं राहून जात होतं. मनात म्हटलं, तिथं पोचला की चार दिवसांत त्याचा हात बघून मालक त्याला वर चढवतील. एका शब्दानं काय होतंय? मी पत्र वाचून दाखवताना तो शब्द गाळला.

“फिटर लिखेल शे?”

“हो.”

“बोट ठेवा.”

मी बोट ठेवलं. तो वाकला. कागद त्यानं उजेडाकडे धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. सहा अक्षरं तिथं होतीच. मग आपला जाड अंगठा त्यानं त्या शब्दाच्या अलीकडे टेकवला.

“ह्याना पहिले काय शे? तुम्ही लिखतस तव्हय आठे इतला लांब नही ऱ्हास.”

माझ्या पत्रांत त्या शब्दाआधी ‘इंजिन’ असायचं. हा माणूस शब्दाची लांबी लक्षात ठेवून होता. मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, ती सोडून खरं ते सांगितलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर मी भांडलो असतो. पत्राची घडी घालून त्यानं ते माझ्या मेजावर ठेवलं, “बरं शे, मास्तर,” म्हणाला आणि गेला. पुढचा रविवार आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. माझा वेळ मोकळा झाला होता आणि तो कसा घालवावा ते मला कळत नव्हतं.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत त्याची बायको गजराबाई शाळेच्या ओसरीत येऊन उभी राहिली. उंच, काटक बाई. नवऱ्यापेक्षा चार बोटं उंचच. आजवर तिची माझी गाठ पडली की ती त्याच्याबद्दल तक्रारच करायची. जाय म्हणा नाहीतर राहा म्हणा, तीन वेळा मी पेटी भरली न् तीन वेळा सोडली, असं तिचं चालायचं. त्या दिवशी तिचा आवाज निराळा होता.

“मास्तर, तुम्ही त्यास्ले खोटं सांगं?”

मी मान खाली घातली.

“अनसूना बाप लढाईमा बसराले गयेल व्हता, तुम्हले माहीत शे का?”

मुलीच्या नावानं ती नवऱ्याचा असा उल्लेख करायची. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तो बसऱ्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. गजराबाईनं उभ्या उभ्या सांगितलं ते असं. भरती करायला आलेल्या माणसानं त्याला फिटरचं काम सांगून नेलं. बसऱ्याला उतरल्यावर यादी वाचली, तर नावापुढे हमाल. कुणाशी बोलणार? तोंडानं सांगितलेलं तोंडातच राहिलं. दोन वर्षं त्यानं नदीच्या धक्क्यावर पोती वाहिली. त्या धक्क्याला एक छोटी आगबोट लागायची. तिच्या इंजिनाचा आवाज बिघडला होता. पोती वाहताना त्याला तो ऐकू यायचा. मुकादमाला त्यानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तू हमाल आहेस, पोतं उचल, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मार बसला. चौथ्या दिवशी इंजिन फुटलं. बोटीवर कोळसा टाकणारा साक्रीकडचा एक माणूस होता, रोज त्याच्याशी आपल्या बोलीत दोन शब्द बोलणारा. तो वाफेनं भाजून दोन दिवसांनी गेला.

“आजून झोपमा उठी बसतस,” गजराबाई म्हणाली. “म्हनतस, मी फिटर ऱ्हातू तं मन्हं ऐकतात.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती जायला वळली आणि पुन्हा थांबली.

“त्यास्ना राग माले बी येस, मास्तर. तुमनापेक्षा जास्ती. पन खोटं नका सांगू.”

त्या संध्याकाळी मी मिस्तरीला न विचारता एक पत्र लिहिलं. वर्तमानपत्राच्या एका जुन्या कपट्यावरचा, आजवर न वापरलेला पत्ता शोधला. त्याचे सगळे प्रश्न लिहिले, शेवटचासुद्धा. आणि खाली माझ्या शब्दांत लिहिलं, की हा मनुष्य फिटर आहे. त्यास फिटरच म्हणणार असाल तर उत्तर द्यावे, अन्यथा तसदी घेऊ नये. ‘प्रिय महाशय’ घालायला मी विसरलो होतो, हे पाकीट टपालात पडल्यावर ध्यानात आलं.

मग मिस्तरीच्या घरी जाऊन सांगितलं. तो पडवीत कुणाचंसं शिवणयंत्र उघडून बसला होता.

“पानीनं लिखं का?” एवढंच त्यानं विचारलं.

“लिहिलं.”

“मंग बरं शे. बठा.”

उत्तर आलं ते चार महिन्यांनी, दोन पानांचं. लिहिणारा त्या जिनाचा मॅनेजर होता, आणि मी असं नोकरीचं पत्र त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. इंजिन चौदा वर्षांचं आहे, एका बाजूचं बेरिंग तापतं. पाणी सरोवराचं, गोडं. काम इंजिन फिटरचं, तसा करार लिहून देऊ. आणि शेवटी: आमचा आधीचा फिटर सोडून गेला नाही. तो तापानं वारला. चांगला कारागीर होता. ताप कसला आहे ते आम्ही वेळेवर ओळखलं नाही, ही आमची चूक. आता जिनात तापावरचं कोयनेल ठेवतो आणि सर्वांना देतो. या भागात ताप आहे, हे आपण जाणून यावे.

हे मी एकही शब्द न गाळता वाचलं. वाचताना मनात म्हणत होतो, हीसुद्धा नोकरी गेली.

मिस्तरीनं त्या शेवटच्या ओळी मला पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाला, “हाऊ मानूस खरं सांगस. लिखा, मी येस.”

मला संतापानं हसू आलं. तीन धडधाकट नोकऱ्या यानं सोडल्या होत्या आणि आता मेलेल्या माणसाच्या जागेवर जायला हा तयार! आतून गजराबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मरेल मानूसनी जागा? मास्तर, लिखू नका! मी सांगी ऱ्हायनी, लिखू नका!”

“गजरा,” मिस्तरी म्हणाला, “बाकीन्या जागावर बी कोन्ही ना कोन्ही मरेल व्हई. त्यास्नी सांगं नही, इतलंच.”

 गजराबाईनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. पीठ कपाळाला लागलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही. त्या क्षणी आम्हा दोघांची त्या माणसापुढे जी गत झाली होती ती अगदी सारखी होती.

करार आला. तो मी तीनदा वाचून दाखवला. पासपोर्टच्या चौकशीसाठी दोन खेपा धुळ्याला झाल्या. त्यातही त्यानं तिथल्या कारकुनाला ‘धंदा’ या रकान्यात मजूर लिहिलेलं खोडायला लावलंच. कारकून माझ्यावरच चिडला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला थोडकंच माहीत आहे. मिस्तरी तिकडे पोचला. त्याची दोनच पत्रं मला आली, कुणा गुजराती माणसाकडून लिहून घेतलेली. पहिल्यात त्या तापणाऱ्या बेरिंगचं सविस्तर वर्णन होतं. दुसऱ्यात एक विशिष्ट मापाचा नट मुंबईहून मिळवून पाठवायची आज्ञा होती. मी इंग्रजीचा मास्तर. तो नट मिळवायला मला तीन महिने लागले. दोन वर्षांनी त्यानं गजराबाईला आणि अनसूला बोलावून घेतलं. तोवर माझी बदली झाली होती. त्याला ताप आला, न आला, तो तिथं किती वर्षं राहिला, मला कळलं नाही. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

पाहिला तो शेवटचा, नंदुरबारच्या स्टेशनावर, सुरतेच्या सकाळच्या गाडीला. नुकतं फटफटलं होतं. गजराबाई आणि मी, दोघंच पोचवायला. मिस्तरीनं नवा कोट घातला होता, तो मनगटांत घट्ट होत होता. पेटी आत चढवली, तो खिडकीशी बसला. मी मनातून सुटलो होतो. साडेतीन वर्षं, आता पाचच मिनिटं.

पहिली घंटा झाली आणि मिस्तरी उठून खाली उतरला.

मी ओरडलोच. “आता काय राहिलं?”

“घर जाई येस.”

“गाडी सुटतेय, मिस्तरी! करार झाला, बोट परवा आहे, आता घरी काय आहे?”

“अनसू झोपेल व्हती,” तो म्हणाला. “तिले उठाडं नही मी.”

अनसू त्याची चार वर्षांची मुलगी. शेजारणीच्या भरवशावर घरीच निजलेली. निघताना त्यानं तिला उठवलं नव्हतं, आणि हे त्याला आत्ता, घंटा झाल्यावर सुचत होतं. तो खरोखरच फाटकाच्या दिशेनं चालू लागला. मी त्याचा कोट धरला. ज्या माणसानं चौदा वर्षांच्या जुन्या इंजिनाची सगळी चौकशी सात समुद्रापलीकडून केली, त्यानं स्वतःच्या मुलीचा निरोप घ्यायचा राहू द्यावा! मी त्याला काय काय बोललो ते आज आठवत नाही, चांगलं नक्कीच बोललो नसेन.

 गजराबाईनं दोन्ही हातांनी त्याला मागे ढकलत नेलं, पायरीवर चढवलं आणि आत लोटलं. गार्डानं शिट्टी दिली. गाडी हलली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या झटापटीत भाकरीचं फडकं माझ्या हातात राहिलंय. मी गाडीबरोबर धावलो. तो दारात येऊन उभा होता. मी फडकं वर केलं, त्यानं घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. फाटकापलीकडे, घरांच्या दिशेला बघत होता.

“मास्तर,” त्यानं विचारलं, “ती उठनी म्हंजे काय करी?”

मी काही बोलायच्या आत डबा पुढे गेला. मागे वळलो तर गजराबाई फलाटावर नव्हती. लुगड्याचा काष्टा सावरत ती फाटकातून घराकडे निघाली होती, जवळजवळ पळतच. आणि तिकडे गाडीच्या दारात एका हातात फडकं, एका हातात दांडी धरून मिस्तरी बाहेर वाकला होता. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता.